आठव्या शेंगेपासून

आमच्या गावात माणूस मेला की त्याच्या पेटीत तीन वस्तू ठेवतात. एक बरंसं वस्त्र, रमची छोटी बाटली आणि त्याचं खुणेचं बूच. वस्त्र आणि रम मादागास्करशेजारच्या या बेटावर सगळीकडेच देतात, बुचाचं मात्र आमच्या गावापुरतंच आहे. बाटलीचं साधं बूच, त्यात टाचण्या खोचलेल्या. व्हॅनिलाची शेंग हिरवी असतानाच ते तिच्या सालीवर दाबायचं. टाचण्या रुततात, चीक येतो, सुकतो, आणि महिन्याभरात तिथं खरखरीत ठिपके उठतात. मग शेंग उकडा, उन्हात घाला, काळी करा, ठिपके काही जात नाहीत. ज्याची खूण त्याची शेंग, यावर आमच्याकडे दारू प्यायलेली माणसंसुद्धा वाद घालत नाहीत.

झारासोआच्या नवऱ्याचं, तोदीचं, बूच पेटीत गेलं नाही. ते तिच्या कमरेच्या गाठीत राहिलं.

तो एप्रिलचा महिना होता. वादळं येऊन गेली होती, शेंगा पुऱ्या लांब झाल्या होत्या आणि खुणा करायचे दिवस होते. तोदीचा मळा म्हणजे ओढ्यापासून सुरू होऊन डोंगराच्या उतारावर घरापर्यंत चढत गेलेला. तोदी दरवर्षीसारखा खालून, ओढ्याकडून, सुरुवात करून वर येत होता. दुपारी झारासोआ त्याच्यासाठी नारळाच्या दुधातला भात आणि मडक्यातून करपणीचं, म्हणजे तळाच्या करपलेल्या भातात उकळलेलं, पाणी घेऊन खाली उतरली. तोदी मळ्याच्या मध्यावर, वेलाच्या आधाराच्या झाडाला टेकून बसला होता.

“बसायला बरा वेळ सापडतो तुला,” ती म्हणाली. “इथं शेंगा याची वाट बघतात आणि हा सावलीत बसलाय.”

तिनं केळीचं पान मांडलं, भात वाढला, माशाचा मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. मग पाणी ओतता ओतता तिनं वर बघितलं. तोदीचे डोळे अर्धे उघडे होते आणि एक मुंगी पापणीवरून चालली होती. तो ती झटकत नव्हता.

झारासोआ किंचाळली नाही. तिनं त्याच्या डोक्यावरच्या वेलाकडे बघितलं. त्या वेलावरच्या सात शेंगांवर ताजी खूण होती, चीक अजून ओला होता. आठवी शेंग कोरी होती. तोदीच्या उजव्या मुठीत बूच होतं. ते पडू नये, पालापाचोळ्यात हरवू नये म्हणून तिनं ते हळूच काढलं, कमरेच्या वस्त्राच्या गाठीत बांधलं, भातावर पान झाकलं आणि मग ती तोदीच्या थोरल्या भावाला, मारोलाहीला, बोलवायला वर गेली.

दोन दिवस घरात बायका रडत होत्या. झारासोआनं रिवाजाप्रमाणे केस मोकळे सोडले, पण डोळ्यांतून टिपूस नाही. बायकांनी एकमेकींकडे बघून घेतलं. पंधरा वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, आणि आता रडूही नाही, म्हणजे बोलायला दोन्हीकडून वाट मोकळी. तोदीची आत्या क्लेमांस, ऐंशीच्या घरातली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि गालात कायम तंबाखू, ती तेवढी भडकली. “रडत नाही म्हणून तिला काय चिमटे काढू? तुम्ही रडताय ना गावभराचं, पुरे झालं तेवढं.”

पेटी बंद करायच्या आधी मारोलाहीनं बुचाची चौकशी केली. “झारा, त्याचं बूच कुठाय?” झारासोआनं ऐकलं, पण हे दुसऱ्या कुणाला तरी विचारलंय असं तिला वाटलं. मारोलाहीनं आणखी एकदा विचारलं, मग ओढ्यात पडलं असेल असं स्वतःच ठरवलं आणि झाकण लावलं.

तेव्हापासून ती एक गोष्ट मात्र बोलायला लागली. कुणी काही विचारलं की म्हणायची, “तोदी बसला त्या दिवशी.” तोदी बसला त्या दिवशी मीठ संपलं होतं. तोदी बसला त्याच्या आदल्या दिवशी शेळी व्याली. पहिल्यांदा ऐकणारा दचकायचा. मग सगळ्यांना सवय झाली, आणि तिच्यासमोर गावही तसंच बोलायला लागलं. त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

पुरल्याला तीन दिवस झाले आणि झारासोआ मळ्यात उतरली. आठव्या शेंगेपाशी उभी राहिली, गाठ सोडली, बूच काढलं आणि दाबलं. मग नववी शेंग. मग पुढचा वेल. आठ दिवस ती रोज जात होती. मंगळवारी आणि गुरुवारी आमच्याकडे मळ्यात पाऊल टाकत नाहीत, पण त्या आठवड्यात वार कुठला आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिला वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत नव्हतं, भूक लागत नव्हती. हात चालायचे आणि ती त्यांच्या मागून चालायची. आठव्या दिवशी ती घराजवळच्या शेवटच्या वेलापर्यंत पोचली. तो संपल्यावर तिनं बूच परत गाठीत बांधलं आणि चूल पेटवली. कुणी बघितलं नाही, कारण शेंगा लगडलेल्या दुसऱ्याच्या मळ्यात आमच्याकडे शहाणा माणूस शिरत नाही. चोर म्हणून आधी बडवतात आणि नाव नंतर विचारतात.

तिनं काय केलं होतं ते सांगायला हवं. आमच्या गावात मेलेल्या माणसाची खूण असलेल्या शेंगा त्याच्या. त्या विकून त्याच्या नावानं बैल कापतात, गावजेवण घालतात, आणि ज्या वेलांवर त्या लागल्या ते वेल त्याच्या भावांकडे जातात. कोऱ्या राहिलेल्या शेंगा आणि त्यांचे वेल बायकोचे. ते का, तर फुलांची लग्नं तिनं लावलेली असतात. व्हॅनिलाचं फूल एकाच सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मान टाकतं. तेवढ्या वेळात बाईनं लिंबाच्या काट्यानं आतला पडदा उचलायचा आणि नराचं मादीला टेकवायचं, तर शेंग धरते. ते करायला इथं ना माशी आहे ना पाखरू. झारासोआचा हात गावात सगळ्यात हलका. सकाळभरात हजार फुलं उरकायची, आणि गावातल्या बायका म्हणायच्या, दुसऱ्यांची लग्नं लावण्यातच हिचं पोट भरतं. तिला ते ऐकू यायचं. ती फुलं मोजायची नाही, लावत जायची.

म्हणून आमच्याकडे विधवा झालेली कुठलीही बाई, रडून डोळे सुजलेले असोत की काही असो, पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी नवं बूच करते आणि कोऱ्या शेंगांवर आपली खूण उठवते. आणि झारासोआनं तिसऱ्या दिवशी नवऱ्याचं बूच घेऊन स्वतःचा अर्धा मळा त्याच्या नावावर करून टाकला.

जून उजाडला, तोडणीचा दिवस जाहीर झाला आणि मारोलाही मळा बघायला आला. मारोलाही मासेमार, आवाज मोठा, समोरच्या माणसाशी बोलतानाही होडीतून हाक मारल्यासारखा बोलायचा. त्याला पाच पोरं आणि वेल फक्त चाळीस, तेही तिरपागडे. तो ओढ्याकडून चढत घराजवळच्या शेवटच्या वेलापर्यंत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. पण झारासोआ समोर दिसल्यावर त्यानं तो आवरला.

“सगळ्यावर खूण आहे की गं,” तो म्हणाला. “मला वाटलं अर्धंच झालं असेल. पठ्ठ्यानं वरपर्यंत पूर्ण केलं होतं.”

झारासोआनं त्याला करपणीचं पाणी दिलं.

“म्हणजे बघ, सगळंच तोदीचं झालं. तुझ्या वाटणीला काही... हे माझं म्हणणं नाही, खूणच सांगते.” तो पाणी प्यायला, उगाच भांड्याच्या तळाकडे बघत राहिला. “आता मी काही राक्षस नाही. तोडणी झाली की होडीनं पलीकडे तुझ्या भावाकडे पोचवतो. दोन पोती तांदूळ देतो बरोबर. हा रेडिओ ने. शेळी ने.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं, भावजी.”

मारोलाही तिच्याकडे बघत राहिला. घरून निघताना त्यानं भांडणाची सगळी तयारी केली होती, उत्तरं जुळवली होती, बायकोनं शिकवलेले दोन टोमणेही पाठ होते. “अगं, भांड तरी!” तो म्हणाला. “माणसानं एवढं बरं म्हणू नये. मलाच कसंतरी वाटतंय.”

मारोलाही भांडं ठेवून निघाला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेला की तोदी मळा पूर्ण करून गेला, आमच्या घराण्याची खूण देठापासून शेंड्यापर्यंत, काय माणूस होता. वर भावजय ऐकते आहे की नाही हे तो मागे वळून बघतही होता.

झारासोआनं दुपारी होडी डोळ्यांसमोर आणून बघितली. शाळेतल्या नकाशात मादागास्कर मोठं ताट आहे आणि आमचं बेट ताटाबाहेर सांडलेलं शीत. पलीकडे जायला दोन तास लागतात. तिकडे भावाचं घर, त्याची सात पोरं, आणि रात्री चुलीशेजारी अंथरलेली तिची चटई. वहिनी वाईट नव्हती, फक्त प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. तिथं ओढा नव्हता, वेल नव्हते, फुलांच्या दिवसांत पहाटे उठायचं कारण नव्हतं. झारासोआनं हे सगळं बघितलं आणि तिला काहीच झालं नाही. तिला वाटलं, काहीतरी व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेमांस आत्या काठी टेकत आली. आल्या आल्या तंबाखू थुंकली आणि म्हणाली, “मारोलाही गावभर कोंबड्यासारखा आरवत फिरतोय. मला मळ्यात ने.”

“तुम्हाला दिसतं कुठं, आत्या.”

“मला दिसत नाही, त्याला कळत नाही. चल.”

झारासोआनं तिला हाताला धरून ओढ्यापर्यंत नेलं. आत्यानं पहिल्या वेलाची शेंग बोटांत धरली आणि अंगठा खुणेवरून फिरवला. खूण म्हणजे दोन तिरप्या रेघा खाली एकत्र आलेल्या, रोमन लिपीतल्या ‘व्ही’सारख्या, आणि खाली एक ठिपका. “हा तोदी,” आत्या म्हणाली. “खुणेचं तोंड देठाकडे. त्याचा बापही असाच दाबायचा.” ती वेल चाचपत वर चढत गेली. प्रत्येक वेलापाशी थांबायची, पुटपुटायची, पुढे जायची. मधल्या आधाराच्या झाडापाशी ती थांबली, एका वेलाच्या शेंगा एक एक करत चाचपल्या. सातवी सोडून आठवी धरली आणि अंगठा तिथंच राहिला.

“ही उलटी,” ती म्हणाली. “तोंड शेंड्याकडे. ही पण. ही पण. ही तुझी, झारा. तू काय डोक्यावर चालतेस?”

“मी खालच्या बाजूनं दाबते. मला तसंच जमतं.”

“कधी दाबलंस?”

झारासोआ उतरणीकडे बघत राहिली. “तोदी बसला त्या दिवसानंतर,” ती म्हणाली.

आत्या तिथंच पालापाचोळ्यात बसली. काठी मांडीवर आडवी घेतली. मग एकदम म्हणाली, “मूर्ख कुठली! आणि बूच?”

झारासोआनं गाठीवर हात ठेवला. आत्याला ते दिसलं नाही, पण कळलं.

“मेलेल्या माणसाचं बूच जिवंत हातानं चालवलंस. पेटीतलं चोरलंस असं म्हणतील.”

“म्हणू देत.”

“म्हणू देत म्हणे. ऐक नीट. गप्प बसलीस तर सगळं मारोलाहीचं, आणि तू होडीत. आणि रविवारी फणसाखाली गाव बसेल, तेव्हा पूर्वजांच्या लाल काठीसमोर खरं बोललीस तर वरच्या शेंगा वर्ज्य, कुणी हात लावणार नाही, त्या समुद्रात जातील. हे वर्ष उपाशी काढशील. फणस खाशील, माझ्याबरोबर लवंगा वेचायला येशील, लोक तुझ्याकडे तिरकं बघतील. पण वेल तुझे. मेलेल्याची खूण त्याच्या मागून उठली तर ती खूण नाहीच, म्हणजे शेंगा कोऱ्या, म्हणजे वेल तुझे. माझ्या आईच्या वेळी असं एकदा झालंय. कळलं?”

“कळलं.”

“आणि तोंड असं कोरडं ठेवून बोलू नकोस. आता मला सांग, तिथं काय सांगशील?”

“सांगेन की तोदी बसला त्या दिवसानंतर मी...”

“छे!” आत्यानं काठी आपटली. “बसला म्हणजे काय? बसलेला माणूस उठतो. मारोलाही म्हणेल, बसला, पाणी प्यायला, उठला आणि बायकोला म्हणाला, उरलेलं तू कर. नवऱ्याच्या हयातीत बायकोनं दाबलेली खूण नवऱ्याचीच. सगळ्या गावात बायकाच दाबतात. तुझा हात उलटा हे मी सांगेन, पण केव्हा ते मला माहीत नाही, देवाला माहीत आहे आणि तुला. लाल काठीसमोर मोघम बोललेलं पूर्वज धरत नाहीत. साफ शब्द लागतो. म्हण. तोदी मेल्यावर.”

झारासोआनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

“एकच शब्द आहे गं! मी तीन नवरे पुरले. तिघांनाही मेला म्हटलं, त्यातल्या दोघांना तर ते धडधाकट असताना.”

झारासोआ थोडी हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. पण शब्द काही आला नाही.

आत्यानं तिचा हात चाचपून धरला. मग ती वेगळ्याच आवाजात बोलायला लागली. “आणि ज्या खुणेसाठी हा मारोलाही छाती फुगवतो ना, तो म्हणतो आमच्या मूळ पुरुषाच्या माशांच्या सापळ्याचं तोंड आहे ते. कसला सापळा! ते व्हिदालचं आहे. मस्यू व्हिदाल, फ्रेंच मळेवाला. हा सगळा डोंगर त्याचा होता. म्हणजे त्यानं कागदावर लिहून घेतला होता आणि आम्हाला वाचता येत नव्हतं. आम्ही पोरी त्याची फुलं लावायचो. शेंगांवर खूण करायची कल्पना त्याचीच, चोर पकडायला. आणि चोर कोण, तर आम्ही. माझ्या बापाच्या कमरेला एक शेंग सापडली, व्ही आणि ठिपक्यासकट. लवंगेच्या झाडाला बांधून तीन दिवस ठेवला त्याला. त्याची पाठ पुढे कधी सरळ झाली नाही. मग फ्रेंचांचं राज्य गेलं, व्हिदाल बोटीत बसला, आणि माझा भाऊ, तोदीचा बाप, सुकवणीच्या कोठारात गेला आणि जमिनीवरून ते बूच उचलून आणलं. म्हणाला, आता ही आमची खूण. मी म्हटलं, मेल्या, दुसरी कर. तर म्हणाला, दुसरी का करू? ह्याच खुणेनं बापाला बांधलं, आता हिच्यानं मी खाणार.” तिनं तोंड पुसलं. “हे रविवारी सांगितलं तर मारोलाहीची हवा निघेल. तोदीची खूण मुळात तोदीची नाहीच म्हणून सगळाच वाद मोडेल. सांगू?”

“नको,” झारासोआ लगेच म्हणाली. “मग तोदीचं काय उरलं?”

आत्यानं मान हलवली. “बरं. मग तुलाच बोलावं लागेल.”

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गाव फणसाखाली जमलं. बेझाफी आजोबा चटईवर पूर्वेकडे तोंड करून बसले, लाल काठी पुढ्यात आडवी. आजोबा आमच्या गावातल्या जिवंत आणि मेलेल्या, दोघांचेही मुखत्यार. त्यांनी रमचे चार थेंब जमिनीवर सांडले, एक घोट स्वतः घेतला, पूर्वजांना सांगितलं की आज तोदीच्या शेंगांचं ठरवायचं आहे, ऐका. मग मारोलाहीला बोलायला सांगितलं.

मारोलाही चांगला बोलला. भाऊ कष्टाळू होता, मळा पूर्ण करून गेला, बैल मोठा कापू, कुणाला कमी पडणार नाही, भावजयीला रिकाम्या हातानं पाठवणार नाही. लोकांनी माना हलवल्या. मोठा बैल कुणाला नको असतो? नंतर आत्या उठली आणि तिनं दोन शेंगा आजोबांच्या हातात दिल्या. एक सुलटी, एक उलटी.

“वरच्या सगळ्या हिच्या हाताच्या आहेत,” ती म्हणाली. “अंगठा फिरवून बघा, आजोबा. तुम्हाला तरी दिसतं.”

कुजबुज झाली. मारोलाही एक क्षण गडबडला, मग हसला. “बरं, असेल! कोण नाही म्हणतं? बायकोनं नवऱ्याला हातभार लावू नये की काय? तोदी खाली करत होता, ही वर करत होती. तो वर येऊन बघून गेला असेल, नीट दाब म्हणाला असेल. मी तर म्हणतो, शेवटच्या वेलापाशी दोघं एकत्रच उभे असतील. घराजवळच तर आहे तो वेल.”

झारासोआ चटईच्या कडेला बसली होती. इतका वेळ ती सगळं ऐकत होती आणि तिला कुठं काही लागत नव्हतं. होडी, भावाची चूल, समुद्रात पडणाऱ्या शेंगा, सगळं सारख्याच अंतरावर होतं. पण मारोलाहीनं तोदीला शेवटच्या वेलापाशी उभं केलं आणि तिला तो दिसला. कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून उताराकडे बघताना दिसला. त्या आठ दिवसांत एकेका शेंगेसरशी ती हेच करत होती, त्याला एकेक वेल वर आणत होती, हे तिला आत्ता कळलं. आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते साफ खोटं होतं. तोदी तिथं नव्हता. ती एकटीच होती.

“तो वर आलाच नाही,” ती म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. “मोठ्यानं बोल, पोरी.”

“तो वर आलाच नाही. मधल्या झाडापाशी सात शेंगा झाल्या होत्या. आठवी मी केली. तिथून पुढच्या सगळ्या मी केल्या.” तिनं गाठ सोडली आणि बूच चटईवर ठेवलं. बघणारे दोघे-तिघे मागे सरकले. मारोलाहीच्या बायकोनं हात तोंडावर नेला.

“केव्हा केल्यास?” आजोबांनी विचारलं.

“तोदी बसला त्या...” ती थांबली.

“तोदी होता तेव्हा?”

“नाही.”

“मग केव्हा?”

मारोलाही बुचाकडे बघत होता आणि त्याचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. आत्याचे पांढरे डोळे झारासोआच्या दिशेनं वळलेले होते. ती ओठ हलवून शब्द दाखवत होती, शाळेतल्या बाई दाखवतात तसा.

“मी भात वाढला होता,” झारासोआ म्हणाली. “मी त्याला बोलले होते. बसायला वेळ बरा सापडतो म्हणाले होते. तो बसलाच नव्हता, आजोबा. मी पोचायच्या आधीच तो...” तिनं श्वास घेतला. “तोदी मेल्यावर केल्या. तोदी मेल्यावर, पुरल्याच्या तिसऱ्या दिवसापासून. त्याचं बूच त्याच्या मुठीतून काढून घेतलं आणि तोदी मेल्यावर मी केल्या.”

आजोबांनी लाल काठी उचलून जमिनीवर एकदा आपटली. म्हणजे ठरलं. वरच्या शेंगा समुद्राच्या, वेल तिचे, ओढ्याकडचे मारोलाहीचे, बूच तोदीच्या कबरीत. लोक उठायला लागले. पण झारासोआ थांबली नव्हती.

“तोदी मेला,” ती म्हणत होती. “तोदी मेला. माझा तोदी मेला.” तिचा आवाज वर चढत गेला आणि फाटला, आणि मग तिच्या आतून असं काही निघालं की उठलेले लोक होते तिथंच उभे राहिले. मारोलाही गुडघे टेकून खाली बसला, मान खाली घालून तोही रडायला लागला. भावाच्या दिवसांत तो मोठमोठ्यानं रडला होता, पण ते असं नव्हतं.

“तोदी मेला...”

आजोबांनी पुढे वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पुरे, पोरी,” ते म्हणाले. “ऐकलं आम्ही.”

“तुम्ही ऐकलंत,” झारासोआ म्हणाली. “मी नव्हतं ऐकलं अजून.”